पाऊस चालू, प्लॅन बंद

निफाड, सायखेडा, सटाणा या पट्ट्यात तुमची द्राक्षबाग असेल तर माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. रोज सकाळी फोनवर येतो. "नमस्कार. आज आपल्या शिवारात पानं उशिरापर्यंत ओली राहतील. डावणीचा धोका मध्यम. फवारणीची घाई करू नये." तो आवाज माझा. चेहरा कोणाला माहीत नाही, आणि ही व्यवस्था मला फार मानवलेली होती. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट मिस' म्हणायचं तर दोनदा म्हणावं लागे, कारण पहिल्यांदा ते मिसपर्यंत पोहोचतच नसे. अशा मुलीला याहून चांगली नोकरी कुठली? नाशिकच्या ऑफिसात एका खोलीचं दार लावायचं, फोनसमोर बोलायचं आणि उठून चहा करायचा. समोर कोणी नाही.

दिवाळी अंकासाठी कामातल्या गमती लिहा असं मला सांगितलं गेलं. गमती आहेत. सायखेड्याचे एक काका मला पाऊस सांगायचीच बंदी करतात. "ताई, तुमी सांगितलं का तो येतोच. लय खराब पायगुण हाय तुमचा." पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळीत एक मावशी आहेत, त्या मालकाच्या फोनवर माझा मेसेज ऐकतात आणि विचारतात, "बाई उद्या सुट्टी सांगं का?" पण गमतींवर अंक निघाला तरी मला जे सांगायचं आहे ते राहून जाईल. म्हणून एकच प्रकरण सांगते.

आधी धंदा समजावून घ्या, सोपा आहे. बागेत एक खांब रोवतो. त्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या, ऊन-दमटपणा मोजणारी डबी, सौर पट्टी, पाऊस मोजणारं नरसाळं आणि एक नकली पान. नरसाळ्याखाली दोन चिमुकल्या वाट्या झोपाळ्यासारख्या बसवलेल्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद आमच्या ऑफिसात पोहोचते. नकली पान किती वेळ ओलं राहिलं यावरून डावणी, भुरी अशी बुरशी येणार का ते कळतं. त्यावरून मी सांगते, फवारा किंवा फवारू नका. यंत्र हंगामापुरतं भाड्यानं. मेसेज मात्र फुकट, कारण तेव्हा त्याच्या शेवटी फवारणीच्या औषधांच्या एका कंपनीचं नाव असे.

आमचा खरा अभिमान म्हणजे ॲपमधलं टिंब. तुमच्या शिवारात यंदाचा पाऊस नेहमीसारखा असेल तर टिंब हिरवं आणि खाली शब्द 'सामान्य'. जास्त असेल तर पिवळं, फारच असेल तर लाल. आमचे मालक अमोल सर सगळीकडे सांगत, "सरकारी सरासरी तालुक्याची असते. आपली सरासरी तुमच्या बांधावरची." हे वाक्य मीच लिहून दिलं होतं.

आता सटाण्याबद्दल. बाकीचा नाशिक जिल्हा ऑक्टोबरात छाटणी करतो आणि माल फेब्रुवारी-मार्चला काढतो. सटाण्याकडची माणसं भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये छाटतात. म्हणजे बाजारात कुठंच द्राक्ष नसताना त्यांचा माल निघतो. याला 'अर्ली' म्हणतात. भाव असा मिळतो की बाकीच्यांनी नुसतं बघावं. अट एकच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसानं फुलोऱ्याला आणि मण्यांना सोडून दिलं पाहिजे.

पूर्वी तो बहुतेक सोडायचा. आता सोडत नाही, असं मला वाटायचं. पण ॲप म्हणायचं, सामान्य.

आणि लोक म्हणायचे, "यंदाचं साल जरा वेगळं होतं."

हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून दर वर्षी ऐकत आले आहे. नाशिकमध्ये हवामान बदल खोटा आहे असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तसे मेसेज फिरतात, पण ते सणाच्या शुभेच्छांमध्ये वाहून जातात. आमच्याकडचा नकार सभ्य आहे. यंदाचं साल वेगळं, इतकंच. त्यात प्रत्येकाची सोय आहे. औषधवाल्याला वेगळ्या सालासाठी वेगळी फवारणी विकता येते. रोपवाटिकेला पुढच्या सालाची रोपं विकता येतात. निर्यातदाराच्या माणसाला अर्ली माल हवाच असतो, एकाचा गेला तर दुसऱ्याचा. बँकेला बागेवर कर्ज द्यायचं असतं. आणि आम्हाला? आम्हाला पाच दिवसांचा अंदाज विकायचा असतो. पुढची पंधरा वर्षं बिघडणार म्हटल्यावर पाच दिवसांना कोण विचारतो? अमोल सरांनी पहिल्याच आठवड्यात मला शब्दांची शिस्त लावली होती. 'अवकाळी' चालेल, 'लहरी' चालेल, 'विचित्र' चालेल. 'हवामान बदल' नको. "माणूस घाबरला की खर्च थांबवतो, सानिका." मला पटलं होतं. मी स्वतः घाबरले की गप्प बसते, त्यामुळे घाबरवू नये हे मला चटकन पटतं.

त्या ऑक्टोबरात इम्रानभाईंबरोबर मला सटाण्याच्या बाजूला जावं लागलं. इम्रानभाई मालेगावचे, आमचे तंत्रज्ञ. यंत्रं लावणं, काढणं, दुरुस्त करणं त्यांच्याकडे. नवीन मोजमापाची तपासणी म्हणून सरांनी मला बरोबर पाठवलं. मी गाडीत बसल्यापासून इम्रानभाई बोलत होते आणि मी ऐकत होते, त्यामुळे दोघांचाही प्रवास चांगला झाला.

पहिलाच थांबा आशाताईंच्या मळ्यात. आशाताई पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर बाग त्याच बघतात, आणि झकास बघतात. बंगला आहे, ट्रॅक्टर आहे, चर्चासत्रात पहिल्या रांगेत बसतात. त्या दिवशी त्या बांधावर छत्री धरून उभ्या होत्या आणि बाग त्यांच्या पाठीमागे सडत होती. वास गाडीतूनच आला. घडांचे मणी तडकून त्यांवर बुरशी धरलेली.

"या ना माय," त्या अहिराणीत मला म्हणाल्या. "काढी ल्या तुमनं यंत्र. आते कोनाले पाहिजे?"

इम्रानभाईंनी शिडी लावली. पाऊस पडत होता, चांगला दणकून. मी खांब धरून उभी होते. नरसाळ्याच्या आतून त्या वाट्यांचा आवाज येत होता. टक. टक. टक. एकेक वाटी मोजली जात होती. इम्रानभाईंनी वायर उपटली.

टक असा आवाज चालूच राहिला. पण आता तो कुठेच पोहोचत नव्हता.

"इम्रानभाई," मी म्हणाले, "पाऊस तर चालू आहे."

"पाऊस चालू आहे मॅडम," ते वरून म्हणाले, "प्लॅन बंद आहे. ताईंनी परसों कॅन्सल केला."

"मग हा पाऊस?"

"कौनसा?"

"हाच. आत्ता पडतोय तो. हा कशात मोजायचा?"

त्यांनी पान्याचं टोक दातात धरून माझ्याकडे बघितलं. मग पाना काढून म्हणाले, "मॅडम, ज्याची बाग गेली त्याचं यंत्र आपण नेतो. दर साली. माल नाही तर यंत्र कशाला? परवा कळवणकडे चार काढले."

मला एकदम भरून आल्यासारखं झालं. रडू नव्हे. गणिताच्या पेपरात शेवटच्या पाच मिनिटांत उत्तर दिसतं ना, तसं. आमची सरासरी फक्त आमच्या यंत्रांवरून निघते. यंत्र फक्त ज्याची बाग टिकली त्याच्याकडे राहतं. म्हणजे ज्या सालात, ज्या शिवारात, ज्या महिन्यात पावसानं वाट लावली, तो पाऊस आमच्याकडे नोंदलेलाच नाही. खराब पाऊस आला की तो मोजणारी वस्तूच आपण गाडीत घालून घेऊन जातो, आणि मग उरलेल्या चांगल्या दिवसांची सरासरी काढून म्हणतो, सामान्य.

मला कोणाला तरी घट्ट धरून हे सांगायचं होतं. मी खांब धरला होता, तोच धरून राहिले.

यंत्र गाडीत चढवल्यावर आशाताईंनी पडवीत चहा दिला. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "बाग जुनी झाली. फेब्रुवारीत काढून नवी लावायची म्हणते. रोपांचं बोलून ठेवलंय. पंधरा साल चालते बाग." मग माझ्याकडे वळून, "तू सकाळी बोलस ना? मी वळखला आवाज. मंग सांग. पुढली पंधरा सालं अर्ली निघेल का माझी?"

"आम्ही फक्त पाच दिवसांचं सांगतो, ताई."

"पाच दिवसवर पंधरा सालनी बाग लावू का मी?"

इम्रानभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्याचं उत्तर कुठे हरवलं आहे ते मला पंधरा मिनिटांपूर्वीच कळलं होतं. मी म्हणाले, "जानेवारीत चर्चासत्र आहे सटाण्याला. तोपर्यंत रोपं नका घेऊ."

एवढं लांब वाक्य मी ग्राहकाला पहिल्यांदाच आपणहून बोलले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, लोक सांगत का नाहीत, आमची बाग गेली म्हणून?

"कसे सांगणार?" इम्रानभाई म्हणाले. "चर्चासत्रात सल्लागार काय बोलतात? 'निसर्ग सगळ्यांना सारखा. फरक व्यवस्थापनाचा.' म्हणजे बाग गेली तर तू निकम्मा. ज्याचा माल निघाला त्याला शाल, श्रीफळ, स्टेजवर फोटो. ज्याचा गेला तो मागे उभा राहून जेवून जातो. और सुनिए, सटाण्याला कोणाला विचारा, बाग किती वर्षांची. तो वर्षं सांगणार नाही. 'सात माल निघाले' सांगेल. जो निघाला नाही तो मोजतच नाहीत."

हे खरं होतं. मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि कधी ऐकलंच नव्हतं. 'सात माल निघाले.' गेलेली सालं बागेच्या वयातूनही वजा.

पुढचे काही आठवडे मी कधी नव्हे इतकी खूश होते. जुन्या नोंदी उघडल्या आणि प्रत्येक हंगामाचा नकाशा लावला. ऑगस्टमध्ये सटाण्याच्या बाजूला टिंबांची दाटी. पाऊस लांबला की एकेक टिंब विझत जायचं. ऑक्टोबर संपता संपता मोकळं रान. मग मी त्या मोकळ्या जागांत सरकारी पर्जन्यमापकांचे आकडे बसवले. तालुक्याचे का असेनात, ते कोणाची बाग गेली म्हणून बंद पडत नाहीत. आकडे बसवले आणि हिरवी टिंबं पिवळी झाली, पिवळी लाल झाली. एखादं साल नव्हे. अलीकडची बरीचशी.

अमोल सरांना दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून पाहिलं. ते लबाड नाहीत हे मला इथे सांगितलंच पाहिजे. कॉलेज रोडवरच्या एका गाळ्यातून त्यांनी हे उभं केलं आहे.

"च्यायला," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"चर्चासत्रात हेच दाखवूया ना सर."

"वेडी आहेस का? चर्चासत्राचे पैसे कोण देतंय? औषध कंपनी आणि रोपवाटिका. बॅनरवर काय लिहिलंय माहितीये? 'अर्लीचं सोनेरी पर्व'. त्यांच्या मांडवात जाऊन मी सांगू, अर्ली धरू नका?"

"धरू नका असं नाही सांगायचं. फक्त हे दाखवायचं."

"हळूहळू करू. पुढच्या व्हर्जनमध्ये." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "सानिका, मी खोटं बोलत नाहीये. मी फक्त आत्ता बोलत नाहीये."

मला वाटतं, नाशिकमधली अर्धी व्यवस्था याच वाक्यावर चालते. कोणी कट केलेला नाही. कोणी खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येकजण फक्त आत्ता बोलत नाहीये.

जानेवारीत सटाण्याच्या एका मंगल कार्यालयात चर्चासत्र भरलं. स्टेजवर सोनेरी अक्षरं, दारात रोपवाटिकेचा स्टॉल, मागे मसालेभात शिजतोय. माझं काम लॅपटॉपचं. स्टेजच्या कडेला खाली बसून बटण दाबायचं. माझ्या लॅपटॉपवर दोन फाइली होत्या. सरांची आणि माझी. माझी कशाला आणली होती ते मलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा सल्लागार बोलले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. बोलणं जबरदस्त. "अर्ली हे भित्र्याचं काम नाही! ज्याला भीती वाटते त्यानं कांदा लावावा!" टाळ्या. "हवामान बदल, हवामान बदल ओरडतात. अरे, माझ्या आजोबांनीही गारा बघितल्या. निसर्गाचं चक्र आहे. बदल करायचा तर आपल्या व्यवस्थापनात करा!" पुन्हा टाळ्या. मीही बटणावरचा हात काढून टाळ्या वाजवल्या असत्या, इतकं ते छान वाटत होतं. माणसाला शूर म्हणा आणि त्याच्या हातात फवारणीचं वेळापत्रक द्या, तो कुठेही चालायला तयार होतो. त्याला फक्त इतकंच सांगायचं नसतं की रस्ता बदलला आहे.

मग अमोल सर. नकाशा पडद्यावर आला. सटाण्यावर हिरव्या टिंबांचा सडा. "आमच्या बांधावरच्या नोंदी सांगतात की पावसाची पातळी एकंदर सामान्य..."

"ओ सर."

पहिल्या रांगेतून आशाताई उभ्या राहिल्या होत्या. "मना मळानं टिंब हिरवं कसं काय शे?"

"ताई, यंत्र नसेल तिथं आसपासच्या यंत्रांची सरासरी..."

"सरासरी राहू द्या. ऑक्टोबरमा मना बठ्ठा घड सडी ग्यात. ती पोरगी व्हती तठे, इचारा तिले. पानी पडी राहिना व्हता का नही?"

सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. अमोल सरांनीही बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. दमलेल्या माणसाला कोणी खुर्ची द्यावी तसं काहीतरी. त्यांनी माइक खाली केला आणि हात लांब करून माझ्याकडे धरला.

मी माइक घेतला. उभी न राहता बसल्याबसल्याच बोलले. तोंडातून निघालं ते रोजच्या सवयीचं.

"नमस्कार."

मागून एक गडी ओरडला, "आयला! ही तर सकाळनी बाई शे!"

सगळीकडे हशा. "फवारू का नको ताई?" "उद्या कपडे वाळतील का?" "पोरगी शे व्हय, मला वाटलं कॉम्प्युटर शे!" आणि त्या हशात माझी भीती कुठे पळाली कळलंच नाही. ही माणसं मला ओळखत होती. मी त्यांच्या गोठ्यात, देवघरापाशी, फवारणीच्या टाकीजवळ रोज बोलत होते. मी दुसरी फाइल उघडली.

"ऑक्टोबरात ताईंच्या मळ्यात पाऊस पडत होता. मी खांब धरून उभी होते. पाऊस पडत असतानाच आम्ही यंत्र काढलं, कारण बाग गेली होती. त्यानंतरचा पाऊस आमच्याकडे नाही. ज्यांची बाग जाते त्यांचा पाऊस आमच्याकडे कधीच नसतो. हे हिरवं टिंब ज्यांची टिकली त्यांचं आहे." नकाशावर एकेक टिंब विझत गेलं. मग मोकळ्या जागा भरल्या, लाल. "एखादं साल कसं जाईल ते मी सांगू शकत नाही. यंदा अर्ली धरली तर माल उत्तम येऊही शकतो. पण खराब सालं वाढली आहेत. हवा तापली की ती जास्त पाणी धरते आणि एकदम सोडते. याला हवामान बदल म्हणतात. तो तुम्हाला दिसू नये अशी सोय आम्ही सगळ्यांनी मिळून केली आहे. मुद्दाम नाही. बंद झालेल्या प्लॅनचा पाऊस मोजायला कोणी पैसे देत नाही, इतकंच."

मसालेभाताच्या पातेल्यावर झाऱ्याचा आवाज.

मग चौथ्या-पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठले, चांगले पांढऱ्या कपड्यातले. "आमचं बी यंत्र नेलं होतं. दोन सालं." ते खाली बसले. लगेच दुसरा. "माझं तीनदा. मी कोनाले सांगितलं नही." तिसरा बसूनच म्हणाला, "तुझी बाग गेल्ती? मला तर तू माल मुंबईला धाडला म्हणाला!" "मंग काय सांगू? तूच हसला असता ना भो!" हशा झाला, पण आता वेगळा. हात वर होत होते. शेजारी शेजाऱ्याकडे वळून विचारत होता. एवढी वर्षं एका बांधावर राहून कोणाची बाग कधी गेली हे कोणाला माहीत नव्हतं!

डॉक्टर उठले. "एक मिनिट. हे सगळं ठीक आहे, पण मॅडम, तुम्ही शेतकऱ्याला घाबरवताय. अर्ली ही आपल्या सटाणा-बागलाणची ओळख आहे. उद्या काय, सगळ्यांनी निफाडकरांसारखी ऑक्टोबरात छाटणी करायची?"

"करसूत का नही?" आशाताई म्हणाल्या. "माल निघाला की बाजारात त्याला गाव नाही विचारत कोणी."

"ताई, तुमच्या बागेचं मी बघितलंय. फुलोऱ्यात दुसरी फवारणी उशिरा झाली. थोडं व्यवस्थापन..."

"डॉक्टर." आशाताईंचा आवाज चढला नाही. "फवारणी तुमच्या कागदाप्रमाणं केली. तारखेला केली. मन्हं काही चुकनं नही. आज सगळ्यांसमोर म्हणा, चुकलं नाही म्हणून."

डॉक्टर पाणी प्यायले. "साल वेगळं होतं," ते म्हणाले.

पूर्ण कार्यालय हसलं. मला त्यांची कीवच आली, कारण ते वाक्य त्यांच्या तोंडून अगदी प्रामाणिकपणे आलं होतं.

जेवणाच्या वेळी औषध कंपनीचे साहेब अमोल सरांना बाजूला घेऊन बोलत होते. पुढच्या महिन्यापासून मेसेजच्या शेवटी त्यांचं नाव येणार नाही, हे मला सरांच्या खाली गेलेल्या मानेवरूनच कळलं. ते माझ्याजवळ आले, ताटात जिलबी तशीच. "ऑफिस लहान करावं लागेल," ते म्हणाले. आणि मग, "पहिल्यांदा 'नमस्कार' म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं की गेलं सगळं." ते हसत होते. मी सॉरी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का, ते अजून ठरलेलं नाही. दोन सहकाऱ्यांना त्या उन्हाळ्यात दुसरीकडे जावं लागलं. त्यातली एक माझ्याशी फारशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

निघताना आशाताईंनी मला रोपवाटिकेच्या स्टॉलपाशी गाठलं. "उद्या सकाळी काय सांगशील?"

"थंडी. भुरीचा धोका."

"ते सांग. आनि मनं सांग. मनं नाव घेऊन सांग. की आशाबाईची बाग पावसानं गेली. व्यवस्थापन कमी पडलं नाही."

"ताई, नाव? लोक..."

"नाव नही घेतलं तर पुन्हा मोकळी जागाच राही ना?"

"आणि बाग? रोपं घेताय?"

"बाग मनी शे," त्या म्हणाल्या. "मी ठरावसू." आणि स्टॉलवाल्याकडे न बघता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार उघडंच ठेवलं. अमोल सर चौकटीत उभे होते. थंडी सांगितली, भुरी सांगितली. मग ताईंचं नाव, त्यांचं गाव, ऑक्टोबरचा पाऊस, आणि 'हवामान बदल' हे दोन शब्द. पुन्हा एकदा रेकॉर्ड केलं. पाठवायचं बटण मी दाबायच्या आत सरांनीच दाबलं.

उत्तरं यायला लागली. आमच्या मेसेजला उत्तरं कधी येत नसत. "माझी बाग दोनदा गेली, नाव घ्या." "आमचं गाव लिहा." एकानं फक्त शिव्या दिल्या, एकानं विचारलं की याला अनुदान मिळतं का. दुपारपर्यंत फोन चार्जिंगला लावून वाचत होते. आज यंत्रं कमी आहेत आणि मेसेज लहान आहे, पण बाग गेली तरी खांब जागेवर राहतो. त्याचा खर्च गावं आपसांत वाटून घेतात. सगळी नाही, काही. सटाण्याला अजून पुष्कळ लोक अर्ली धरतात. त्यांतल्या काहींचा माल यंदा सुंदर आला आणि त्यांनी मला मुद्दाम घडांचे फोटो पाठवले, खाली हसरे चेहरे. घड खरंच देखणे होते.

त्या सकाळनंतर आशाताईंकडून मात्र महिनाभर काहीच आलं नव्हतं. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांची व्हॉइस नोट आली. आधी नुसता घरघराट, मग तार तुटल्यासारखा ताणलेला आवाज, पुन्हा एक, पुन्हा एक. मग त्या, ओरडून, ट्रॅक्टरच्या वर आवाज चढवून:

"आवाज ई राहिना का? बाग निघी राहिनी! रोपं नको सांगितलं रोपवाटिकावाल्याले! अर्धं रान रिकामं ठेवते, अर्ध्यात पुढल्या साली लावते, आनि छाटनी ऑक्टोबरमा! डॉक्टरले सांग, मी निफाडकर झाले!"

त्या हसत होत्या की रडत होत्या, ट्रॅक्टरमुळे कळत नव्हतं. मी ती नोट सरांना ऐकवली, इम्रानभाईंना ऐकवली, आणि मग गच्चीवर जाऊन आवाज पूर्ण मोठा करून पुन्हा लावली.